बिनकुंपणाचा कुट्टू

आमच्या टॅनरी हॉलो या जंगलातल्या शिकारी कॅम्पवर हरणांसाठी पेरलेले जमिनीचे बारा तुकडे होते, आणि त्यातल्या अकरा तुकड्यांना हरणं आत शिरू नयेत म्हणून विजेचं कुंपण होतं.

यात काही चमत्कारिक आहे असं आम्हां अकरा जणांना कधी वाटलं नाही. सुरुवात सरळ झाली होती. उन्हाळ्यात हरणांना चांगलंचुंगलं पेरून ठेवायचं, म्हणजे नोव्हेंबरात आपण बंदुका घेऊन येऊ तेव्हा ती दुसऱ्यांच्या जंगलात जाणार नाहीत, एवढाच हेतू. पुढे कुणाचा तुकडा चांगला यावरून भांडणं व्हायला लागली. भांडणं मिटवायला लमार कून्सने गुणपत्रक काढलं. लमार तीस वर्षं शाळेच्या बसगाड्या तपासत होता आणि हातात कागद लावलेली फळी असल्याशिवाय त्याला जंगलसुद्धा नीट दिसत नसे. उंची, रंग, सारखेपणा आणि तण नसणं, असे चार रकाने, प्रत्येकी पंचवीस गुण. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी तपासणी.

पहिल्याच वर्षी उघडकीला आलं की हरणं सोयाबीनची कोवळी पानं खातात आणि पानं खाल्ली की गुण जातात. दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी कुंपण घातलं. त्या वर्षीचं पीक इतकं देखणं आलं की आमचा अध्यक्ष व्हर्लिन झर्बी याने आपल्या तुकड्याचा फोटो कॅम्पच्या भिंतीवर लावला. फोटोत सोयाबीन आहे, व्हर्लिन आहे. हरीण नाही.

शिकारीच्या आदल्या दिवशी आम्ही कुंपण काढत असू. पण उन्हाळाभर नाकाला झटके खाल्लेलं हरीण तार गेली म्हणून लगेच विश्वास ठेवत नाही. ते जानेवारीपर्यंत लांबूनच बघत बसतं. जानेवारीत हरणं येऊन सगळं फस्त करून जात, पण तेव्हा आम्ही आपापल्या घरी टीव्हीसमोर असायचो. ‘यंदा हरणं कमीच दिसतात,’ असं आम्ही दर वर्षी एकमेकांना सांगत होतो आणि माना डोलवत होतो.

आमच्यातला बारावा मर्ल स्ट्रॉसर. फेब्रुवारीत दारातला बर्फ काढता काढता मर्ल गेला, आणि जाताना कॅम्पमधला आपला हिस्सा बायकोच्या नावे करून गेला.

नियमात ‘हिस्सा वारसाकडे जाईल’ असं लिहिलं आहे. वारस पुरुष असावा असं कुठे लिहिलेलं नाही. आमच्या बापांनी नियम केले तेव्हा त्यांना ती गरजच भासली नव्हती. कॅम्पमध्ये हत्ती आणू नये, असंही त्यांनी लिहिलेलं नाही.

आर्डिथ स्ट्रॉसर अडुसष्ट वर्षांची. कॅम्पला ती नवीन नव्हती. शिकारीच्या पहिल्या दिवशी ती पहाटे चारला यायची, रात्रभर आंबवलेल्या कुट्टूच्या पिठाचे घावन घालायची, वर मेपलचा पाक, बाजूला सॉसेज, बारा जणांना पोटभर वाढायची, भांडी घासायची आणि उजाडायच्या आत गाडी वळवून घरी जायची. असं एकतीस वर्षं. कॅम्पवरून उजेडात जंगल कसं दिसतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

एप्रिलच्या सभेला ती आली आणि मर्लच्या खुर्चीत बसली. एकतीस वर्षं आम्ही तिला ‘आर्डिथ’ म्हणत होतो आणि ‘अगं, कॉफी आण’ म्हणत होतो. ती खुर्चीत बसल्याबरोबर व्हर्लिनने घसा साफ केला.

“मिसेस स्ट्रॉसर,” तो म्हणाला, “तुम्हाला नक्की हवंय तरी काय?”

माणसाला लांब ढकलायचं असलं की आधी मान द्यावा लागतो.

“मर्लचं मचाण,” आर्डिथ म्हणाली. “शिकारीच्या पहिल्या दिवशी उजाडल्यावर मला तिथं बसायचंय. बंदूक घेऊन. आणि त्याआधी या टेबलाशी बसायचंय.”

“आणि नाश्ता?” कुणीतरी कळवळून विचारलं. तो आवाज माझा होता.

“तुमच्यातला कुठला सभासद नाश्ता बनवतो?”

“कुठलाच नाही.”

“मग झालं तर.”

व्हर्लिनला नाही म्हणता येईना, म्हणून त्याने नियम काढला. नव्या सभासदाला एक वर्ष पारखायचं. एक तुकडा त्याने पेरायचा, आणि तपासणीत साठच्या खाली गुण पडले तर त्याला ठेवायचं की काढायचं यावर मतदान घ्यायचं. मर्लच्या चांगल्या जमिनीचा तुकडा व्हर्लिनने आपल्या तुकड्याला जोडून घेतला आणि आर्डिथला दिली ती लाकडाचे ट्रक भरायची जुनी जागा. वर्षानुवर्षं ट्रक फिरून तिथली माती फरशीसारखी झालेली, त्यावर कमरेएवढे नेचे. दुसरं काही तिथे कधी उगवलं नव्हतं. पण मर्लचं मचाण नेमकं त्याच जागेच्या काठावर होतं, त्यामुळे हा निवाडा उदारपणाचाही दिसत होता. व्हर्लिनला असे निवाडे सुचतात.

आम्ही बी आणायचो ते पिशवी बघून. पिशवीवर चौदा टोकांच्या शिंगांचा नर, त्याच्यामागे सूर्यास्त, आणि आत सोयाबीन. आर्डिथने गिरणीतून कुट्टू आणला, ज्याच्या पिठाचे ती घावन घालायची तेच काळपट तिकोनी बी. त्या पिशवीवर काहीच नव्हतं, आणि ती कोंबड्यांच्या खाद्याशेजारी ठेवलेली होती. नुसतं बघूनच लमारने मान हलवली.

मेमध्ये तिने नेचे कापले, चुना टाकला, भाड्याच्या यंत्राने वरची चार बोटं जमीन कशीबशी उकरली. जूनच्या पहिल्या आठवड्यात घमेल्यातून मुठीमुठीने बी फेकलं आणि अंगणातलं गवत कापायच्या बसून चालवायच्या गाडीमागे जुन्या पलंगाची स्प्रिंगांची जाळी बांधून, बी मातीत मिसळावं म्हणून, ती सगळ्या तुकड्यावर फिरवली. ते बघायला आम्ही चौघे खुर्च्या घेऊन गेलो होतो.

“पलंग पेरतेयस की काय?” व्हर्लिन ओरडला. हसण्याच्या भरात तो ‘तुम्ही’ विसरला.

“तुझा आणून दे, तोही फिरवते,” ती गाडीवरूनच म्हणाली. “तसाही तो झोपून झोपून गुळगुळीत झाला असेल.”

चौथ्या दिवशी कुट्टू वर आला. कुट्टूला जमिनीची जात विचारायची सवय नाही. दोन आठवड्यांत त्याची पानं एकमेकांना भिडली आणि खाली नेच्यांना ऊन मिळेनासं झालं. महिन्याभरात पांढरी फुलं लागली, आणि फुलांवर इतक्या मधमाश्या घोंगावायला लागल्या की लांबून कुणी लाकूड कापतंय असं वाटावं. आणि हरणं तर पहिल्या दोन पानांपासूनच यायला लागली होती. संध्याकाळी एक हरिणी दोन पाडसं घेऊन यायची, मग तिच्या बहिणी, मग बहिणींचा गोतावळा. कडेचा कुट्टू त्यांनी गुडघ्याखाली छाटला. मधे मात्र तो कमरेएवढा उभा होता, आणि त्यात त्या झोपून जात, त्याचे खळगे पडत.

जुलै लागला तसा व्हर्लिन तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकून तिच्याकडे गेला. मी बरोबर होतो.

“मिसेस स्ट्रॉसर, कॅम्पचं जादा कुंपण आहे. बॅटरीसकट. घालून घ्या.”

“कशाला?”

“हरणांसाठी.”

“त्यांना आत ठेवायला?”

“बाहेर ठेवायला!”

आर्डिथने हातातलं फावडं टेकवलं. “व्हर्लिन, मी हे पेरलंय कुणासाठी?”

“हरणांसाठीच.”

“मग?”

व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं. मी सरळ माणूस असल्यामुळे आकाशाकडे पाहिलं. “अहो, पण ती खातात!” तो शेवटी म्हणाला.

“खाऊ दे की. घर त्यांचंच आहे.”

भेंडोळं परत आलं. वाटेत व्हर्लिन म्हणाला, “बाई शिकायला तयार नाही.” मी ‘हूं’ केलं. त्या दिवशी संध्याकाळी मी माझ्या सोयाबीनकडे गेलो. हिरवंगार, छातीएवढं, एक पान फाटलेलं नाही. तारेच्या पलीकडे एक हरिणी उभी होती आणि माझ्याकडे अशी बघत होती, जशी मिठाईच्या दुकानाच्या बंद दारासमोर उभी असलेली माणसं मालकाकडे बघतात. मी घरी गेलो आणि नीट जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

तपासणीला तीन आठवडे उरले तेव्हा मी एकटाच आर्डिथकडे गेलो. मला तिचं भलं करायचं होतं. भित्र्या माणसाला दुसऱ्याचं भलं करायची फार हौस असते.

“हे बघ,” मी म्हणालो, “साठच गुण हवेत. तणाचे पंचवीस तुझे पक्के, इथं नेच्याचं एक पान शिल्लक नाही. आता फक्त तीन आठवडे तार घाल. कडा भरून येतील, कुट्टू वाढतोही झपाट्याने. तपासणी झाली की काढून टाक. कुणाचं काय जातंय?”

“हरणांचं जेवण जातंय.”

“तीन आठवडे ती दुसरीकडे खातील.”

“कुठे? तुझ्याकडे?”

मी म्हणालो, “आर्डिथ, तुला ते मचाण हवंय की नाही?”

तिने मचाणाकडे पाहिलं. मग म्हणाली, “हवंय. फार हवंय. मर्ल चाळीस वर्षं घरी येऊन सांगायचा, धुकं असं वर गेलं, खार अशी आली, नर असा थांबला. मी आपली भांडी पुसत ऐकायची. आता मला स्वतःला बघायचंय. पण मी एकतीस वर्षं तुम्हाला घावन घातले ना? थप्पी चांगली दिसावी म्हणून कधी तुमच्या ताटाला तार लावली का?”

“नाही.”

“लावायला हवी होती,” ती म्हणाली. “तुझ्या तर नक्कीच. चल, ऊन वर आलंय, माझं काम राहिलंय.”

ऑगस्टचा दुसरा रविवार उजाडला. लमारने फळी घेतली, मोजपट्टी घेतली, आणि आम्ही वरात काढल्यासारखे तुकड्यातुकड्यावरून निघालो. व्हर्लिनला त्र्याण्णव पडले. मला अठ्ठ्याऐंशी. प्रत्येक ठिकाणी बॅटरी बंद करायची, तार उचलायची, वाकून आत जायचं, कौतुक करायचं आणि बाहेर येऊन बॅटरी परत चालू करायची. दुपारी बाराला आम्ही आर्डिथच्या तुकड्याशी पोचलो, तेव्हा पाच हरणं तिथून उडाली. त्या दिवशी दिसलेली ती पहिलीच हरणं. त्यांनी कामात व्यत्यय आणला म्हणून लमार चुकचुकला.

त्याने चार कोपऱ्यांत उंची मोजली. कोपरे खाल्लेले होते. रंगाच्या रकान्यात ‘हिरवा’ अपेक्षित, इथे पांढरी फुलं. सारखेपणाचं तर बोलायलाच नको, मधे झोपायचे खळगे. लमार मात्र न्यायी माणूस. तण शोधायला तो गुडघ्यांवर बसला, पानं बाजूला करून खाली बघितलं, दोन बोटं मातीत खुपसली आणि ती सहज आत गेली. ज्या जमिनीवर आम्ही कुदळी मोडल्या होत्या ती. त्याने बोटं पुसली आणि पंचवीसपैकी पंचवीस लिहिले. बेरीज चव्वेचाळीस झाली.

“फार नुकसान झालंय,” व्हर्लिन म्हणाला.

“कुणी केलं?” आर्डिथने विचारलं.

“कुणी म्हणजे? हरणांनी!”

“मग तसं लिही ना, लमार. हरणांचा रकाना कुठला?”

लमारने खरोखर रकाना शोधला. कागद उलटा करून मागे पण बघितलं. “हरणांचा नाहीये,” तो खजील होऊन म्हणाला.

“मग घाल.”

“नियम असे मधेच बदलता येत नाहीत, मिसेस स्ट्रॉसर,” व्हर्लिन म्हणाला. “चला, मतदानाला.”

आमचं मतदान रिकाम्या काडतुसांनी होतं. प्रत्येकाला एक हिरवं, एक लाल. हिरवं म्हणजे ठेवा, लाल म्हणजे काढा. कॉफीचा एक मोठा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवायचा आणि हवं ते त्यात टाकायचं. ज्याच्याबद्दल मतदान असेल त्याने तोवर स्वयंपाकघरात थांबायचं, ही जुनी पद्धत. माझ्या वेळी मीही थांबलो होतो.

“तर तुम्ही जरा स्वयंपाकघरात...” व्हर्लिनने सुरुवात केली.

“नाही,” आर्डिथ म्हणाली.

“पद्धत आहे.”

“तुमची असेल. मी त्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं थांबलेय, पुरेसं झालं. मी इथं बसते. ज्याला लाल टाकायचंय त्याने माझ्यासमोर टाकावं.”

आणि ती डब्याच्या बरोब्बर समोर बसली, हाताची घडी घालून.

हिरवं आणि लाल काडतूस मुठीत लपत नाही असं नाही, पण डब्याच्या तोंडाशी मूठ उघडावीच लागते. आमच्यात दोघे व्हिएतनामच्या युद्धाला जाऊन आलेले आहेत. त्या टेबलापर्यंत पाच पावलं चालताना त्यांचीही चाल बदलली. कर्टिस नावाच्या सभासदाने डोळे मिटून टाकलं आणि ते डब्याबाहेर पडलं. आर्डिथने ते उचललं, बघितलं, लाल होतं, आणि स्वतःच्या हाताने आत टाकलं. “नेम सुधार,” ती म्हणाली. मी हिरवं टाकलं. यात माझं शौर्य काही नाही, ती माझ्याकडे बघत होती.

पाच हिरवी, सहा लाल.

लमारने नियम वाचून दाखवला. काढलेला सभासद शिकारीचा हंगाम संपेपर्यंत सभासद राहतो, त्यानंतर त्याचा हिस्सा कॅम्पकडे परत. व्हर्लिन म्हणाला, “आम्हाला वाईट वाटतंय.” आर्डिथ म्हणाली, “वाटू दे,” आणि उठून गेली.

ती आता येणार नाही असं आम्ही धरून चाललो. महिनाअखेरीस मी त्या बाजूने गेलो तर ती फुललेल्या कुट्टूतून चालत होती आणि घमेल्यातून गहू फेकत होती. गहू फेकून झाला तशी तिने गाडीमागे पलंगाची स्प्रिंग बांधली आणि उभा कुट्टू गव्हावर आडवा केला. नांगर नाही, फवारणी नाही. कुट्टूचं पांघरूण खाली, त्यात ओल धरलेली, आणि त्यातून आठ दिवसांत गव्हाचे हिरवे कोंब वर आले.

“पण तुला तर काढलंय,” मी म्हणालो.

“मला काढलंय. हरणांना कुठे काढलंय?”

दोन-तीनदा मी तिला घमेलं भरून दिलं. एवढीच माझी शेतीतली कामगिरी. आणि घरी जाताना मी माझ्या तुकड्याची तार काढली. उशीर झाला होता. हरणांनी मला काही मनावर घेतलं नाही.

नोव्हेंबरअखेरीस शिकारीचा पहिला दिवस आला. पहाटे चूल थंड होती. अकरा माणसं मक्याचे पोहे दुधात बुडवून, एकमेकांकडे न बघता चावत होती. पाचला दार उघडलं आणि आर्डिथ आत आली. शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट, मर्लची बंदूक. ती टेबलाशी बसली, खिशातून हॅमचं सँडविच काढलं आणि खायला लागली.

“गरम काही नाही का?” कर्टिसने आशेने विचारलं.

“चूल तिथंच आहे,” ती म्हणाली. “दिसत नसेल तर दाखवते.”

मग ती मचाणावर गेली. आम्हीही आपापल्या जागी गेलो. उजाडलं, धुकं वर गेलं, खारी आल्या. माझ्या पिवळ्या पडलेल्या सोयाबीनपुढे मी दोन तास बसलो आणि मला एक खार दिसली, तीच परत परत. साडेआठला आर्डिथच्या बाजूने एक गोळी वाजली. एकच. बापाच्या भोपळ्यांत शिरणारे, घुशीसारखे ग्राउंडहॉग मारत ती वाढली होती, दुसरी गोळी वाया घालवायची तिला सवय नव्हती.

मी पोचलो तेव्हा ती मचाणावरून उतरून तुकड्यात उभी होती. हिरव्या गव्हात आठ टोकांचा नर पडला होता, आणि पलीकडच्या झाडीत डझनभर पांढऱ्या शेपट्या उड्या मारत लांब चालल्या होत्या. तिचे डोळे लाल होते. “धुकं खरंच तसं वर जातं,” ती म्हणाली. मग तिने नाक पुसलं आणि बाह्या वर केल्या.

आम्ही आतडी काढून नर साफ केला. तेवढ्यात झाडीतून व्हर्लिन आला. त्याच्या तुकड्यावर सकाळपासून खारसुद्धा फिरकली नव्हती. त्याने नराकडे पाहिलं, गव्हाकडे पाहिलं. पायाने कुट्टूचा सडका पेंढा थोडा उकरला.

“आर्डिथ,” तो म्हणाला. मिसेस नाही, तुम्ही नाही. “मला वाटतं, परत एकदा मतदान घ्यायला हरकत नाही.”

“कशासाठी?”

“म्हणजे... तू राहावीस म्हणून.”

“मी गेलेय कुठे?”

“हंगाम संपला की नियमाप्रमाणे...”

“हंगाम संपला की बर्फ पडेल, बर्फ वितळला की एप्रिल येईल, आणि एप्रिलच्या सभेला मी मर्लच्या खुर्चीत बसलेली असेन,” आर्डिथ म्हणाली. “जूनमध्ये इथंच कुट्टू पेरीन, बिनतारेचा. तुम्ही हिरवी टाका, लाल टाका, डबा भरून सांडेपर्यंत टाका. मला काढायचं असेल तर खुर्चीसकट उचलावं लागेल, व्हर्लिन. आणि तुम्हां अकरा जणांत धड कंबर असलेला एक माणूस मला दाखव.”

व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं. मी या वेळी आकाशाकडे पाहिलं नाही.

“आता उजवं शिंग धर,” ती त्याला म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. “डावं मी धरते. हा मागून ढकलेल.”

कॅम्पपर्यंतची वाट चढाची आहे, आणि मधे तीन ठिकाणी टेकायला चांगले दगड आहेत. व्हर्लिनने तिन्ही ठिकाणी तिच्याकडे आशेने पाहिलं. ती एकाही ठिकाणी थांबली नाही.